बास वाजत असताना

रविवार, ६ ऑक्टोबर

तिकीट काढून, वेळेवर येऊन, खुर्ची न करकरवता बसणाऱ्या श्रोतेहो! तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे. पियानो वाजतो तेव्हा लोक ऐकतात. ड्रम वाजतात तेव्हा माना डोलावतात. आणि बासची पाळी आली की सगळ्यांना एकदम घरची आठवण होते. कुणाच्या गुडघ्याचं काय झालं, कुणाच्या भाचीचं कुठे जमलं, सगळं त्याच वेळी निघतं. जणू मध्यंतरच झालं!

समोर श्रोते नाहीत, ही वही आहे, मला ठाऊक आहे. पण भाडेकरूंच्या चळवळीत जन्मभर सभा गाजवलेल्या बाईला समोर कुणीतरी बसलंय असं धरल्याशिवाय वाक्य पुरं करता येत नाही. माइक बंद पडला की लोक मला पुढे करायचे. हा गळा आहे!

तर, शेड. बंदराच्या बांधाला लागून होड्या ठेवायची जुनी शेड आहे, तिथे दर रविवारी संध्याकाळी जॅझ वाजतं. एकीसारखी दुसरी नाही अशा जेमतेम चाळीस खुर्च्या, एक पियानो, आणि बुटाच्या खोक्याइतका उंच लाकडी मंच. खिडकी उघडली की समुद्र थेट आत. चालवणाऱ्या बाईंना सगळे कप्तान म्हणतात. त्या आयुष्यात कधी होडीत बसलेल्या नाहीत, पण कॉफीच्या यंत्रामागे उभ्या राहतात त्या अशा, की कुणी त्यांना दुसरं काही म्हणणार नाही.

आणि बास वाजवतो माझा धाकटा भाऊ. माणसाहून उंच, पोटाला पोट लावून उभं धरायचं ते वाद्य. लहानपणी घरात जागा नव्हती, म्हणून तो जिन्याखाली वाजवायचा आणि मी तिसऱ्या पायरीवर बसून पुस्तक वाचायचे. त्याची पहिली श्रोती मीच. साठी उलटली त्याची, जन्मभर दुसऱ्यांच्या मागे उभं राहून वाजवलं. आता पहिल्यांदा त्याच्या स्वतःच्या नावानं रेकॉर्ड निघणार आहे, तीही शेडमध्ये, लोकांसमोर वाजवताना ध्वनिमुद्रित करून. नोव्हेंबर संपता संपता. एकच संध्याकाळ, एकच संधी. खोकला आला तर तोही रेकॉर्डवर जाणार.

आणि आज, त्याची पाळी आली तेव्हा, मला तो धड ऐकूच आला नाही! सगळी शेड पुटपुटत होती. माझ्या मागे तपकिरी टोपीवाले निवृत्त नाविक बसतात, त्यांचा तर मला थेट संशय आहे.

बैठक संपल्यावर कप्तानांना गाठलं. "हे चालणार नाही," म्हटलं. "बास वाजत असताना लोक बोलत होते."

"कोण?"

"सगळेच!"

त्यांनी एक कप पुसून यंत्राखाली ठेवला. मग म्हणाल्या, "ताई, कॉफी देऊ?"

हाच तो कानाडोळा! यातूनच संस्था बुडतात.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

मोहीम सुरू. फलकाचा मजकूर तयार केला: "वादन चालू असताना बोलू नये. कुजबुजही बोलणंच आहे." दुसरं वाक्य मला फार आवडलं आहे.

धाकट्याला फोन लावला.

"अरे, तोंडात लिमलेटची गोळी आहे का? नीट बोल."

"नीटच बोलतोय, ताई. म्हटलं, रविवारी कुणी बोलत नव्हतं गं."

"तू वाजवत होतास. तुला काय कळणार!"

"मलाच कळतं, ताई. मला खोलीतलं सगळं ऐकू येतं. कप्तानांनी चमचा खाली ठेवला तरी."

"म्हणजे चमचा ठेवतात! तोही बंद करू."

तो हसला. लहानपणापासून हाच त्याचा स्वभाव, भिडस्त. उद्या कुणी त्याच्या बासवर टोपी अडकवून ठेवली तरी म्हणेल, असू दे, थंडी वाजत असेल वाद्याला. त्याच्या वाट्याचं भांडण मीच भांडत आले. आताही मीच भांडणार.

शनिवार, १२ ऑक्टोबर

किटली जळाली. शिटीची म्हणून घेतली होती. शिटीच वाजत नाही. मी पलीकडच्या खोलीत वाचत बसले होते, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई धूर बघून धावत आल्या. "अहो, केव्हाची किंचाळतेय!" म्हणाल्या. कोण किंचाळतेय म्हणून मी आधी जिन्यात बघून आले.

हल्ली कुठलाच माल धड मिळत नाही.

रविवार, २० ऑक्टोबर

आज शेडमध्ये बोलले. वादनाआधी दोन मिनिटं मागितली होती; जरा जास्त लागली असतील. मी सांगितलं की ऐकणं हे काम आहे. वक्ता बोलतो ते निम्मं भाषण, उरलेलं निम्मं समोरचा ऐकतो तेव्हा पुरं होतं. प्राचीन काळी एक वक्ता तोंडात खडे धरून समुद्रापुढे बोलण्याचा सराव करायचा म्हणतात, पण समुद्राचं ऐकण्याचा सराव कुणी केला? टाळ्या! कप्तानांनी फलक लावला. ड्रम वाजवणारे दिवसा दातांचे डॉक्टर आहेत, ते म्हणाले, "माझ्या दवाखान्यात लावा हा. तिथे तोंड उघडं असूनही लोक बोलतात."

पण पुढचं लिहायला हात होत नाही.

मी पहिल्या रांगेत, शेजारी भावजय. वादन सुरू झाल्यावर मी तिला अगदी हळू, अगदी कानात, एवढंच म्हटलं की धाकट्यानं हा शर्ट का घातला. तर मागून टोपीवाल्यांनी खांद्यावर टकटक केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मला! फलक माझा, भाषण माझं, आणि मलाच गप्प! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

मग बासची पाळी. आज त्यानं गज घेतला होता, व्हायोलिनसारखा, पण मोठा. ड्रम थांबले, पियानो थांबला. तो वाजवत होता, वाजवत होता, आणि मग थांबला. हात तेवढा गजावर होता. मी टाळी वाजवली. कडकडून. सुरुवात कुणीतरी करावी लागते, नाहीतर लोक एकमेकांकडे बघत बसतात.

पाठोपाठ कुणीच वाजवली नाही.

धाकट्यानं माझ्याकडे बघितलं, हसला, आणि गज तारेवरून पुढे ओढत राहिला. म्हणजे संपलं नव्हतं. भावजयीनं माझा हात धरून खाली ठेवला.

मी नंतर त्याला स्पष्ट सांगितलं: भाषण असो, लेख असो, वादन असो, शेवट ठणठणीत हवा. इतका पुसट शेवट केलास तर लोकांनी समजायचं काय?

"चूक माझीच, ताई," तो म्हणाला.

चूक मान्य करतो, हा त्याचा मोठेपणा आहे.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

बांधावर फिरायला गेले. ओहोटी होती. या किनाऱ्याचं एक वैशिष्ट्य आहे, किंवा होतं म्हणू: लाट मागे गेली की गोटे एकमेकांवर घरंगळत जातात आणि खळखळाट होतो, गोट्या भरलेली पिशवी कुणी ओतावी तसा. धाकट्याला तो आवाज इतका आवडायचा की लहानपणी त्यानं त्याला ताल दिला होता.

आज लाट मागे जाताना दिसली. गोटे घरंगळतानाही दिसले. खळखळाट नाही.

नगरपालिकेनं खाली वाळू टाकली असणार. विचारायला हवं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आज रागानं लिहितेय. अक्षर तसंच येऊ दे.

धाकटा आणि भावजय जेवायला आले होते. मी सूप केलं होतं. रेकॉर्डिंगचं बोलणं निघालं. कुठे कोणता माइक, खिडकी उघडी ठेवायची की बंद. कप्तान म्हणतात उघडी, समुद्र थोडा येऊ दे. मी म्हटलं, त्या दिवशी मी दारातच उभी राहते. बडबड्या माणसांना आतच सोडणार नाही.

भावजयीनं चमचा ठेवला. "वन्सं, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन. सांग."

"त्या दिवशी तुम्ही... म्हणजे, रेकॉर्ड तर पहिली तुम्हालाच मिळणार आहे. घरी निवांत ऐकता येईल, हव्या तेवढ्या मोठ्या आवाजात."

मला कळेना. मग कळलं.

"म्हणजे मी येऊ नको?"

"असं नाही हो. कप्तानच म्हणत होत्या..."

"कप्तानांनी मला तोंडावर सांगावं!"

"त्यांनी सांगितलं होतं, वन्सं. गेल्या रविवारी, दाराशी. तुम्ही 'हो, हो, छान' म्हणालात."

हे साफ खोटं आहे. त्या वाऱ्याबद्दल काहीतरी म्हणत होत्या.

आयुष्यात मला सभागृहातून तीनदा बाहेर काढलंय, आणि तिन्ही वेळा पोलिसांनी. घरच्यांनी काढायची ही पहिलीच वेळ. मी उठून भांडी घासायला लागले. पाठ फिरवली की भांडण संपतं, असा आमच्या घरचा रिवाज आहे. पाठीमागे ते दोघं बोलत होते की गप्प होते, देव जाणे. बऱ्याच वेळानं धाकटा शेजारी येऊन उभा राहिला आणि एकेक ताटली पुसायला लागला.

"ताई," तो माझ्याकडे तोंड करून म्हणाला. हल्ली तो असाच बोलतो, समोर येऊन, ओठ नीट हलवून, लहान मुलाला शिकवावं तसं. "तू आली नाहीस तर मी वाजवणार नाही."

"मग तुझी रेकॉर्ड?"

"नाही निघणार."

"वेडा आहेस का! साठ वर्षं वाट बघितलीस..."

"म्हणून तर. तिसऱ्या पायरीवर कुणी नसेल तर मला सूरच सापडत नाही."

भावजय दाराशी उभी होती. तिचे डोळे भरले होते. माझेही, पण साबणामुळे.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

इथे खोटं लिहून उपयोग नाही. झोप लागत नाही. एक मुद्दा पुनःपुन्हा समोर येतो आणि मी त्याला पुनःपुन्हा खाली बसवते: चाळीस माणसं एकीकडे आणि मी एकीकडे असेन, तर चाळीस चुकीची असू शकतात का? अर्थात असू शकतात. इतिहास अशाच उदाहरणांनी भरलाय. मी स्वतः तसं एक उदाहरण आहे. भाडेवाढीच्या वेळी सगळी गल्ली मला वेडी म्हणत होती, आणि शेवटी कोण बरोबर ठरलं?

पण त्या वेळी धाकटा माझ्या बाजूनं होता.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

धाकटा एकटाच आला. बरोबर एक फळी. साधीच, हातभर रुंद, एका टोकाला खोबण कोरलेली.

"ताई, एक अडचण आहे. तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही."

"बोल."

"बासच्या खाली ही टोकदार सळई असते ना, ती सरकते. मंच गुळगुळीत झालाय. परवा वाजवताना सरकली तर सगळं गेलं. म्हणून सळई या खोबणीत ठेवायची आणि फळीच्या दुसऱ्या टोकावर कुणीतरी पाय रोवून बसायचं."

"मंचावर?"

"मंचावर. माझ्या बाजूला, खुर्ची टाकून. पण अनवाणी, ताई. वहाणेनं पकड बसत नाही."

"एवढंच ना?"

"आणखी एक." तो समोर बसला, माझा हात धरला. "वाद्य वाजतं तेव्हा फळी थरथरते. पायाखाली थरथर आहे तोपर्यंत हलायचं नाही. बोलायचं नाही, टाळी नाही. जरा हललीस की सळई निसटेल. थरथर पूर्ण थांबली की मग काय करायचं ते कर."

"शिस्त मला शिकवतोस? भर उन्हात फाटकाला टेकून दिवस दिवस उभी राहिलेय मी."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो."

चळवळीत हेच शिकले: माणसाला दोष देऊ नका, काम द्या. मला काम मिळालंय. कप्तान काय, टोपीवाले काय, कुणाची हरकत चालणार नाही; माझ्या पायाशिवाय बास उभाच राहत नाही! इतकी वर्षं तो फळीशिवाय कसा वाजवत होता कोण जाणे. मंच अलीकडेच गुळगुळीत झाला असेल.

रविवार, २४ नोव्हेंबर

आल्याबरोबर लिहितेय. अंगात कोट तसाच आहे.

शेड भरलेली. खिडकी उघडी. कप्तानांनी कॉफीचं यंत्र बंद ठेवलं होतं. त्यांच्यासाठी हे उपोषणच. मी मंचावर चढले तेव्हा त्यांनी धाकट्याकडे बघितलं, धाकट्यानं मान हलवली. दातांच्या डॉक्टरांनी माझे अनवाणी पाय बघून ड्रममागून हळूच सलाम ठोकला. मी फळीवर दोन्ही पाय रोवले.

आणि मग लक्षात आलं, मी लोकांकडे तोंड करून बसलेय. सभेत मी जन्मभर तशीच उभी राहिले, पण इथे वादनाच्या वेळी मात्र कायम पहिल्या रांगेत, लोकांकडे पाठ. या खोलीतले वादन ऐकणारे चेहरे आज पहिल्यांदा समोरून बघणार होते.

सुरू झालं. पहिला ठोका बासचा होता आणि तो मला टाचेत ऐकू आला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. टाचेतून पोटरीत, पोटरीतून गुडघ्यात. जिन्याखालून तिसऱ्या पायरीपर्यंत असाच यायचा तो! ते मी पार विसरले होते. तेव्हा वाटायचं की मी कानांनी ऐकतेय.

चौथं वादन संथ होतं. धाकट्यानं गज उचलला. पियानो थांबला. ड्रमवर तारांचा ब्रश फिरत होता तोही थांबला. उरला बास. मी त्याचा हात बघत होते आणि पायाखाली सूर जात होता, लांब, न तुटता.

मग बासचा आवाज नाहीसा झाला. माझे हात टाळीसाठी मांडीवरून उठलेही.

पण फळी थरथरत होती.

कान म्हणत होते, संपलं. पाय म्हणत होते, चालू आहे. भाड्याच्या खटल्यांसाठी अनेक साक्षीदार तपासले. दोघे समोरासमोर इतके विरुद्ध बोलताना पाहिले नव्हते. मी हात खाली ठेवले. भावाला शब्द दिला होता.

आणि नेमकी त्याच वेळी ती पुटपुट सुरू झाली. तीच, बास वाजायला लागला की लोक करतात ती. आज मी समोर होते. आज मी एकेकाला रंगेहाथ पकडणार होते. पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. भावजय: ओठ बंद, हात छातीशी. तिच्या मागे टोपीवाले: डोळे मिटलेले, टोपी मांडीवर, ओठ बंद. कप्तान: तोंडावर हात. एकेक खुर्ची, एकेक चेहरा. कुणाचेही ओठ हलत नव्हते. चाळीस माणसं असं ऐकत होती, जसं माझ्या कुठल्याही सभेत कधी कुणी ऐकलं नाही.

पुटपुट चालूच होती.

मी पाय हलवला नाही. थरथर बारीक होत गेली, केसाएवढी, मग त्याच्याही निम्मी. टोपीवाल्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते काहीतरी असं ऐकत होते जे माझ्या फक्त तळपायाला माहीत होतं. मग फळी नुसती फळी झाली. मी एक श्वास थांबले. आणि मग, श्रोतेहो, पहिली टाळी माझी होती, आणि ती बरोबर वेळी होती!

सगळी शेड उठली.

बाहेर पडताना टोपीवाल्यांनी टोपी काढून मला काहीतरी म्हटलं. मी "हो, हो, छान" म्हणणार होते. तोंडापर्यंत आलेलं गिळलं आणि म्हटलं, "माफ करा, पुन्हा सांगा."

ते जवळ आले. "म्हटलं, आज तुमच्यामुळे बास हलला नाही."

धाकटा वाद्य पिशवीत घालत होता. फळी मंचाच्या कडेला पडली होती. मी ती उचलली तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर पिशवीच्या चेनकडे वळवली. लबाड.

सोमवार, २५ नोव्हेंबर

सकाळी बांधावर गेले. ओहोटी. वहाणा काढल्या आणि गोट्यांवर उभी राहिले. लाट मागे गेली तेव्हा पायाखालून ते सगळे घरंगळत गेले, एकमेकांवर आदळत. वाळूबिळू काही टाकलेली नाही. नगरपालिकेवरचा आरोप मी मागे घेते. बाकीचे आरोप कायम.

फलकही कायम. कुजबुजही बोलणंच आहे. माझी तर नक्कीच.

आता शेवटचं भाषण, छोटंसं. आजच्या सभेला एकच बाई हजर आहे. जन्मभर दुसऱ्यांना सांगत आलेल्या बाई, तुला ठाऊक आहे की पुटपुट कुठून येत होती. तुझ्या भावानं तुला शब्दानं दुखावलं नाही, त्यानं फळी कोरली. रेकॉर्ड वसंतात येणार आहे आणि त्यात एक जागा अशी आहे की चाळीस माणसांनी ती ऐकली आणि तू ऐकली नाहीस. ती ऐकल्याशिवाय मरायचं नाही, असा ठराव मी मांडते. अनुमोदन माझंच. एकमतानं मंजूर.

तेव्हा पेन खाली ठेव. फोन उचल. कानाच्या डॉक्टरांकडे या आठवड्यातली वेळ माग. आणि पलीकडची बाई कितीची वेळ देते ते ऐकू आलं नाही, तर 'हो, हो, छान' म्हणू नकोस. पुन्हा विचार.